एसटी निवाऱ्यातला रुपयाचा फोन पुन्हा सुरू करावा का?

प्रश्न असा आला आहे: निलंगा रस्त्यावरील आमच्या गावात एसटीच्या निवाऱ्याच्या भिंतीवर रुपया टाकून बोलण्याचा एक फोन कित्येक वर्षांपासून बंद पडून आहे. गावच्या वाचनालयाने तो पुन्हा सुरू करावा असे काहींचे म्हणणे आहे. ते शक्य आहे का, आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना तो वापरणार कोण?

मी १९९१ ते २०१२ या काळात लातुरात बसस्थानकाजवळ एसटीडी-पीसीओ, म्हणजे पैसे देऊन गावात-बाहेरगावी फोन करण्याचा बूथ, चालवला आणि त्यातल्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत आसपासच्या गावांमधील किराणा दुकाने, वसतिगृहे व दवाखाने यांत लावलेल्या चाळीसेक कॉइन बॉक्सची, म्हणजे नाणे टाकून बोलण्याच्या या डब्यांची, दुरुस्तीही केली. त्या अनुभवावरून आधीच सांगतो की, हा डबा चालू करण्याच्या भानगडीत आपण पडू नये. वापरणारे उरले नाहीत म्हणून मी हे म्हणत नाही. वापरणारे आजही आहेत, आणि आपल्या निवाऱ्यात दिवसातून दोन-तीन तरी येत असतील. डबा मात्र त्यांच्या कामाचा राहिलेला नाही.

आधी डबा कसा चालतो ते पाहू, म्हणजे अडचण नेमकी कुठे आहे ते कळेल. टेलिफोन एक्स्चेंजकडून, म्हणजे फोन जोडून देणाऱ्या केंद्राकडून, तांब्याच्या दोन तारा येतात, त्यांवर ४८ व्होल्टचा दाब असतो आणि फोनला लागणारी वीज त्या तारांतूनच मिळते. गावात बारा-बारा तासांचे भारनियमन चालू असतानाही रुपयाचा फोन लागत असे तो यामुळेच, कारण एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग आणि तिच्या पाठीशी डिझेलचे इंजिन असे. नंबर फिरवल्यावर पलीकडच्याने रिसीव्हर उचलला की एक्स्चेंज या दोन तारांची दिशा पालटते, म्हणजे धन असलेली तार ऋण होते आणि ऋण असलेली धन. डब्याला मिळणारा इशारा तो हाच. इशारा मिळताच डबा आपल्या बाजूचा आवाज रोखून धरतो, कानात टूं-टूं सुरू करतो आणि रुपया आत घरंगळला की मग बोलणे जोडून देतो. रुपया टाकण्याआधीही पलीकडचे 'हॅलो' आपल्याला ऐकू येई, आपले बोलणे तेवढे तिकडे जात नसे.

एवढ्याशा फटीचा आमच्या लोकांनी पुरेपूर उपयोग करून घेतला. वसतिगृहातला मुलगा शहरातल्या मामाच्या घरी फोन लावी, मामीचे 'हॅलो' कानावर पडले की ठेवून देई, आणि 'गावाहून सुखरूप आलो' हा निरोप फुकटात पोहोचे. एक्स्चेंजच्या हिशेबाने मात्र पलीकडे फोन उचलला गेला म्हणजे कॉल झाला, त्यामुळे त्या प्रत्येक 'हॅलो'चा आकार डब्याच्या मालकाच्या बिलात चढे. औसा रोडवरच्या एका दुकानदाराने डब्यावर खडूने लिहिलेली 'नुसते हॅलो ऐकू नये' ही पाटी मी स्वतः पाहिली आहे. महिन्याच्या शेवटी गल्ल्यातील रुपये आणि बिलातील कॉल जुळत नसत तेव्हा मालक दुरुस्तीसाठी मला बोलावीत, आणि यंत्र ठीक आहे, माणसे हुशार आहेत, हे त्यांना समजावताना माझा अर्धा दिवस जाई.

आता नाण्याकडे वळू, कारण आपला डबा चालू न होण्याचे सर्वांत गमतीचे कारण तेथे आहे. आमच्याकडचे बहुतेक डबे १९९२ पासून निघालेल्या पोलादी रुपयाला जुळवलेले होते. तो रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा आणि ४.८५ ग्रॅम वजनाचा असे. खाचेची उंची, आतल्या घसरणीची रुंदी आणि वजनाने खाली दबणारी छोटी पट्टी हे सगळे त्याच मापाचे. पुढे २०११ साली नाण्यांची नवी मालिका आली. तिच्यातला रुपया सुमारे २२ मिलिमीटर व ३.७९ ग्रॅमवर उतरला, आणि दोन रुपयांचे नवे नाणे नेमके २५ मिलिमीटरचे व ४.८५ ग्रॅमचे निघाले. डब्याच्या लेखी नवा रुपया खोटा ठरला आणि दोन रुपयांचे नाणे खरा रुपया झाले.

त्या वर्षी दिवाळीनंतर मुरूडकडच्या एका किराणा दुकानदाराने 'डबा पैसे खातोय' म्हणून मला बोलावले. मी झाकण उघडले तेव्हा घसरणीत नवा रुपया आडवा अडकलेला, त्यामागे कोणी तरी खपवलेला लोखंडी वॉशर, त्यामागे पुडीच्या कागदाचा बोळा आणि हुकाच्या स्प्रिंगपाशी मुंग्यांचे बारीक मातीचे घर, असा सगळा संसार होता. खालच्या गल्ल्यात मात्र दोन रुपयांच्या नाण्यांचा थर साचला होता. घाईत असलेला माणूस रुपया परत पडतो म्हणून दोनचे नाणे टाकून मोकळा होत होता आणि डबा ते एक रुपया म्हणून मुकाट्याने घेत होता. दुकानदाराला याचा फार आनंद झाला आणि 'आता दुरुस्त करू नका' असे त्याने मला सांगितले. मी वॉशर काढला, मुंग्या झटकल्या आणि परत आलो. पुढे २०१९ च्या मालिकेत रुपया आणखी आकसून २० मिलिमीटरचा झाला. आज गल्लीत फिरणाऱ्या नाण्यांमध्ये इतक्या मापांचे रुपये आहेत की, त्या सर्वांना ओळखणारी जुनी यांत्रिक घसरण बनवणे व्यवहारात शक्य नाही, आणि त्या डब्यांचे सुटे भागही बाजारात मिळत नाहीत.

तारेचे थोडक्यात सांगतो. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने उखडलेली केबल कोणी पुन्हा जोडत नाही, आणि जोडणी आता बहुधा फायबरवरून मिळते. फायबरच्या टोकाला जी पेटी लावतात तिला घरची वीज लागते, म्हणजे भारनियमनातही चालणारा फोन हा मूळ गुण गेला. शिवाय तारांची दिशा पालटण्याचा तो इशारा त्या पेटीतून मुद्दाम चालू करून घ्यावा लागतो. ज्या दुकानांत बिनतारी, वर छोटा अँटेना असलेले डबे होते त्यांतले पुष्कळसे सीडीएमए या जुन्या मोबाइल तंत्रावर चालत, आणि ती सेवाच देशातून उठली आहे. त्यातूनही कोणी सर्व जमवून आणले, तरी १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य फिरवावे लागते, हे निवाऱ्यातील म्हाताऱ्या माणसाला सांगायला शेजारी कोणी तरी उभे असावेच लागेल. माझ्या मते खरी गोष्ट तेथेच आहे, कारण सार्वजनिक फोन ज्या काळी खरोखर चालला त्या काळीही त्याच्या शेजारी कोणी तरी बसलेले असे.

काचेच्या केबिनमधल्या एसटीडी फोनचे तर ते उघडच होते. तेथे नाणे नव्हते, मीटर होते. एक्स्चेंज त्याच तारांवरून बोलण्याबरोबर १६ किलोहर्ट्झचा, बोलणाऱ्याला जाणवू नये असा, एक ठोका पाठवी आणि मीटर तेवढे ठोके मोजी. ठोक्याला आम्ही पल्स म्हणत असू. पल्सचा दर ठरलेला असे, अंतर वाढले की पल्स लवकर पडे; लातूरहून उदगीरला बोलताना मीटरचा तांबडा आकडा सावकाश सरके, आणि दिल्लीला लष्करात असलेल्या मुलाशी बोलताना तोच आकडा पळत सुटे. केबिनमध्ये आकडा दिसेल अशीच जागा आम्ही मीटरला देत असू, आणि लोक बोलता बोलता त्या आकड्याकडे पाहत. बोलणे अर्ध्यात असताना डोळे मीटरवर गेले की आवाज आपोआप घाईचा होई. रात्री उशिरा दर पाव पटीवर येई, म्हणून गंजगोलाई या लातूरच्या बाजारपेठेतील अडत्यांचे मुनीम जेवणे आटोपून तुरीचे आणि उडदाचे बाहेरगावचे भाव विचारायला येत, आणि केबिनबाहेर बाकावर गर्दी होई ती त्या वेळी.

बूथ देताना अपंग, माजी सैनिक आणि विधवा यांना प्राधान्य असे. त्यामुळे मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी या धंद्यात असे अनेक जण आले, ज्यांना दिवसभर एका जागी बसून करण्याजोगे दुसरे काम सहजी मिळाले नसते. मोबाइलचा येणारा फोन २००३ साली फुकट झाला तेव्हा पहिला फटका बसला. मार्च २००६ मध्ये भारत संचार निगमने देशात कोठेही एक रुपयात एक मिनिट असा दर आणला, तेव्हा अंतरावर उभा असलेला आमचा सगळा हिशेब संपला. ग्राहकाचे भले झाले, यात शंका नाही. माझ्याकडे त्यानंतर झेरॉक्सचे यंत्र आले आणि केबिनमध्ये कागदाचे गठ्ठे ठेवले जाऊ लागले.

बूथवाला केवळ पैसे घेत नसे, हे मात्र नव्या लोकांना सांगावे लागते. माझ्या साडूंचा बूथ केज तालुक्यात रस्त्यालगतच्या एका गावी होता. दसरा-दिवाळीनंतर त्या भागातून कोयते घेऊन हजारो जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, आणि पोरे बहुधा आजीकडे राहतात. साडूंच्या बूथचा नंबर आसपासच्या दोन तांड्यांचा आणि एका वस्तीचा 'पीपी नंबर' होता. फोन दुसऱ्याचा, बोलवायचे आपल्याला, याला पीपी म्हणत. लग्नपत्रिकांवरही नंबरापुढे कंसात तसे छापलेले असे. कारखान्यावरची बाई आठवडी बाजाराच्या दिवशी तिकडच्या बूथवरून फोन लावी, आपल्या सासूचे नाव सांगून 'अर्ध्या तासानं परत लावते' म्हणे आणि ठेवून देई, कारण ताटकळण्याचे पैसे तिच्याजवळ नसत. मग साडूंचा पोरगा सायकल काढी. बोलावणे आणण्याचे दोन रुपये ठरलेले होते, पण ऊसतोडीच्या दिवसांत ते वहीवर मांडले जात आणि उचल, म्हणजे कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटल्यानंतर, उन्हाळ्यात, वसूल होत. काहींचे होत नसत.

एकदा मी तेथे बसलो असताना अशीच एक म्हातारी दोन नातवंडांना घेऊन आली. धाकटा चारेक वर्षांचा असेल. रिसीव्हर त्याच्या कानाला लावला, आईने काही तरी विचारले, आणि त्याने मान हलवली. पुन्हा विचारले असावे, त्याने पुन्हा मान हलवली. म्हातारी त्याला कोपराने ढोसत होती. तेवढ्यात पलीकडून आलेला आवाज बाहेर आम्हालाही ऐकू आला, इतका तो मोठा होता: "मान नको हलवूस, तोंडानं बोल की रे!" पोराने रिसीव्हर कानावरून काढून हातात धरला, त्याच्या भोकांकडे निरखून पाहिले आणि आजीच्या लुगड्यात तोंड लपवले. पुढचे बोलणे आजीने केले, तेही बहुतेक म्हशीविषयी आणि रेशनविषयी. मीटर तिकडे त्या बाईपुढे चालले होते, त्यामुळे एकूण किती पल्स पडले ते आम्हाला कळले नाही.

दुसरा प्रसंग लातूरचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, त्या रात्री गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. किल्लारी आणि सास्तूर परिसरात काय झाले आहे हे आम्हाला उजाडल्यावर हळूहळू कळत गेले. माझी लाइन मधूनमधून लागत होती. पुण्या-मुंबईहून, भिवंडीहून येणारे फोन गावाचे आणि माणसाचे नाव सांगत आणि 'कोणी दिसले तर विचारा' म्हणत. मी उधारीची वही उलटी धरून मागच्या पानापासून ती नावे लिहायला सुरुवात केली. तिकडून येणारे ट्रॅक्टर आणि ट्रक स्थानकापाशी थांबत, तेव्हा बूथवरचे कोणी तरी ती वही घेऊन धावे आणि नावे वाचून दाखवी. काही नावांपुढे खूण झाली, पुष्कळ नावांपुढे झाली नाही. त्या दोन-तीन दिवसांत मी कोणाकडून पैसे घेतले आणि कोणाकडून नाही, याचा हिशेब लागला नाही, आणि बिल आले तेव्हा ते भरायला मला दोन हप्ते करावे लागले.

आपला दुसरा प्रश्न, आज वापरणार कोण, हा होता. लातुरात परीक्षांच्या तयारीसाठी आलेल्या मुलामुलींची अनेक वसतिगृहे मोबाइल ठेवू देत नाहीत. तेथे रविवारी सामाईक फोनपुढे आजही रांग लागते, आणि जवाहर नवोदय विद्यालयासारख्या निवासी शाळांची गोष्ट वेगळी नाही. कारागृहात तर दुसरा मार्गच नाही. येरवडा मध्यवर्ती कारागृहात २०२३ साली स्मार्ट कार्डवर चालणारे फोन बसवले गेले, त्याआधी तेथेही नाण्यांचेच डबे होते. तुळजापुरात नवरात्राच्या गर्दीत मोबाइल मारला गेलेला माणूस फोन मागायला प्रसादाच्या दुकानात शिरतो, पण घरचा एकही नंबर त्याला तोंडपाठ नसतो. आमच्या काळी नंबर पाठ असत आणि फोन नसे, आता उलट झाले आहे.

आपल्या निवाऱ्यात येणारे मात्र याहून वेगळे आणि साधे आहेत. त्यांच्याजवळ मोबाइल असतो, त्यात रिचार्ज नसतो. २०१८ च्या अखेरीपासून नंबर जिवंत ठेवायला ठरावीक मुदतीने पैसे भरावे लागतात, नाही तर बाहेर जाणारा फोन आधी आणि येणारा काही दिवसांनी बंद होतो. मजुरीला खाडा पडलेल्या महिन्यात रिचार्ज ही पहिली काटण्याची गोष्ट असते. दुसरी माणसे म्हणजे चिठ्ठीवाली. गेल्या महिन्यात मी निलंग्याच्या गाडीची वाट पाहत असताना एका आजीबाईंनी बटव्यातून घामाने मऊ झालेला कागद काढून पानवाल्याला दिला. नंबर नऊच आकडी दिसत होता, घडीवरचा आकडा पुसला गेला होता. पानवाल्याने एक, मग सात घालून पाहिले, दोन्ही वेळा भलताच माणूस बोलला, आणि गिऱ्हाइके खोळंबल्यामुळे त्याने कागद परत दिला. आमच्या बूथवर अशा वेळी जुन्या वहीत नाव शोधता येत असे. पानवाल्याची यात काही चूक नाही, ते त्याचे काम नव्हे.

म्हणून वाचनालयाने भिंतीवरच्या डब्यात पैसे घालण्याऐवजी एक टेबल, एक फोन आणि एक माणूस एवढीच व्यवस्था करावी असे मला वाटते. सिम घालून चालणारा, मोठ्या बटणांचा, रिसीव्हर असलेला टेबलावरचा फोन बाजारात मिळतो. त्याची बॅटरी वीज गेली तरी काही तास टिकते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणे आणि एसएमएस असलेले रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले, त्यातले लांब मुदतीचे रिचार्ज घ्यावे, इंटरनेटचे पैसे भरू नयेत. बोलण्याचे पैसे घेऊ नयेत; पैसे घेऊन फोन देणे हा पीसीओचा धंदा होतो आणि त्याला कंपनीशी करार लागतो. वेळ वाचनालयाचीच ठेवावी, पण शेवटची गाडी येऊन जाईपर्यंत कोणी तरी बसेल असे पाहावे, कारण फोनची गरज गाडी चुकल्यावर लागते.

वही ठेवावी, पण ती उघडी टाकू नये. तारीख, वेळ आणि लावलेला नंबर एवढे पुरे. काय बोलणे झाले ते आपल्या कानावर पडले तरी आपल्याजवळच राहिले पाहिजे, आणि या बाबतीत मी माझ्या बूथवर ठेवलेली दोन पोरे काढूनही टाकली आहेत. ज्यांना हवे त्यांचे घरचे नंबर वहीच्या मागे ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत. ११२ आणि १०८ हे आकडे भिंतीवर रंगवून घ्यावेत. एका गोष्टीत मात्र कडक राहावे: कोणी कितीही गळ घातली तरी त्याच्या बँकेच्या खात्याला वाचनालयाचा नंबर जोडू देऊ नये आणि या फोनवर कोणाचाही ओटीपी मागवू देऊ नये. चिठ्ठीवाल्या म्हाताऱ्या माणसांना नेमकी हीच अडचण सांगून कोणी तरी पुढे करील, हे आत्ताच धरून चालावे. बाहेरून आलेला निरोप त्या-त्या घरी पोहोचवण्याची सोय झाली, तर बाकी सगळ्यापेक्षा तिचाच उपयोग अधिक होईल. सायकलवाला पोरगा शोधावा.

भिंतीवरचा डबा काढलात तर तो वाचनालयात जरूर ठेवा. किल्ली हरवलेली असेल. कुलूप फोडू नका, मागच्या पत्र्याचे चार स्क्रू काढले की गल्ल्याचा खण बहुधा तसाच बाहेर येतो. आत नाणी उरली असतील तर ती धुण्याआधी पाहा. सगळी २५ मिलिमीटरची निघतील, पण त्यांत दोन रुपयांची नाणी सापडली, तर आपला डबा २०११ नंतरही काही काळ वापरात होता असे समजा.